मी हळदीचं गाणं तोडलं

हौसा चौथी शिकलीय. वाचायला येतं तिला, अक्षर अक्षर लावून का होईना. म्हणून हे लिहायला बसले. तोंडानं सांगून झालं, रडून झालं, भांडूनही झालं. बाई ऐकेल तर शपथ! आता लिहून तिच्या उंबऱ्यावर ठेवणार आहे. वाचायचं तर वाच हौसा, नाहीतर चुलीत घाल. घातलंस तर धूर तेवढा तोंडावर घेऊ नकोस.

हौसा माझी धाकटी जाऊ. भोर तालुक्यात, हिर्डोशीच्या वरच्या अंगाला आमची वाडी, आणि वाडीत आमची दोन घरं एका अंगणात. मी तीस वर्षं अंगणवाडी चालवली. वाडीतल्या निम्म्या माणसांची नाकं मी पुसलीत, त्यामुळं माझं तोंड जरा जास्त चालतं असं आमच्या मालकांचं म्हणणं. असेल. आता तेही थांबत थांबत चालतं.

मला छातीचा आजार आहे. टीबी नव्हे, हे आधी सांगते, कारण ऐकणारा पहिल्यांदा पदर नाकाला लावतो. फुप्फुसातल्या नळ्या आकसल्यात आणि त्या पुन्हा पहिल्यासारख्या व्हायच्या नाहीत. आहे तेवढा श्वास औषधानं, चालण्यानं आणि गाण्यानं सांभाळायचा. हो, गाण्यानं. ते पुढं सांगते. बिडीला मी कधी हात लावला नाही. चाळीस वर्षं चूल फुंकली, दर उन्हाळ्यात भाताच्या रोपासाठी पालापाचोळा न् शेण पसरून राब भाजला, आणि तव्यावर तंबाखू जाळून मिश्री केली. एवढं पुरलं.

हौसानं माझ्या बरोबरीनं तेच सगळं केलं. तीच चूल, तोच राब, मिश्रीचा तवा तर आमच्या दोघींत एकच. मला झोप लागत नव्हती ती त्यामुळं.

झील

आमच्या वाडीत पाच-सहा बायकांचं गाणं आहे. मंडळ नाही, बोर्ड नाही. कुणाची हळद असली, गौर आली, भाताची रोपं लावायच्या आवणीला माणसं लागली की आम्हाला बोलावणं येतं. पुढं म्हणणारी एक असते, ती ओळ टाकते. बाकीच्या मागून ती उचलतात, त्याला झील धरणं म्हणायचं. झील चालू असते तेवढ्यात पुढच्या बाईनं श्वास घ्यायचा, पुढची ओळ आठवायची, आणि झील संपायच्या आत ती टाकायची. मधे गाणं पडू द्यायचं नाही.

एरवी पडलं तर सगळ्या हसतात. लग्नातल्या घाण्याला मात्र कुणी हसत नाही. हळदीआधी दोन मुसळं एकत्र बांधतात, त्यांना आंब्याचा डहाळा लावतात, आणि पाच सवाशिणी मिळून त्या मुसळांनी हळकुंडं कांडतात. तो घाणा. तो चालू आहे तोवर गाणं तुटलं, तर नवरीचा संसार तुटतो, असं आमच्या वाडीत मानतात. मी पोरांना जंताच्या गोळ्या दिल्या, पोलिओचे डोस पाजले, लोकांना अंगाऱ्याधुपाऱ्याच्या नादी लागू नका म्हणून ओरडले. पण घाण्याचं हे मीही मानत होते.

सव्वीस वर्षं पुढं म्हणणारी मी. आवाज असा की खाली रस्त्यावर एसटीची वाट बघणाऱ्यालाही कळायचं, वर कुणाच्या तरी दारात हळद आहे. माझी एक ओवी होती, ती म्हटल्याशिवाय बायका मला उठू द्यायच्या नाहीत:

घाटाच्या गं खाली, दिसं नांगराची रेघ
बंधू माझा आला, मागं पावसाचा मेघ

एक ओळ एका श्वासात. मधे तोडायची नाही, 'आला'वर हेल काढायचा आणि थेट मेघापर्यंत जायचं. कधीतरी दोन-अडीच वर्षांपूर्वी ही दुसरी ओळ जड व्हायला लागली. 'बंधू माझा आला' म्हणेस्तोवर छाती रिकामी. मी थांबायचे. थांबले की हौसा उरलेली अर्धी ओळ उचलायची, अशी की जणू ती पहिल्यापासून तशीच म्हणतात. ऐकणाऱ्यांना कळलं नाही. मालकांना कळलं नाही. मला कळत होतं, पण मी स्वतःलाच दटावलं. म्हटलं साठी आली, आता काय पोरीसोरींसारखं नाचायचंय का?

दोन बोटं

दिवाळी झाल्यावर भाताची झोडणी चालली होती. खळ्यात धूळ. मी पेंढी उचलायला वाकले ती उभीच राहता येईना. ओठ जांभळे पडले होते म्हणे. शेजाऱ्यांच्या टेम्पोत पोत्यांवर निजवून मला भोरच्या दवाखान्यात आणलं. वाटेत मालक एकच वाक्य म्हणत होते, "खोल श्वास घे, खोल श्वास घे." अहो, घेता आला असता तर टेम्पोत कशाला निजले असते!

डॉक्टरीणबाई वयानं माझ्या लेकीएवढ्या. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला, छाती ऐकली, पाठ ऐकली, परत छाती ऐकली.

"दम कधीपासून लागतो, मावशी?"

मी बोलायच्या आत मालकच म्हणाले, "हिला कुठला दम? परवा तुळशीचं लगीन झाल्यावर वाडीत हळद होती, दीड तास गायली की बाई!"

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. मास्कमुळं बोलता येईना. मी दोन बोटं वर केली.

"दोन दिवस?"

मी मान हलवली.

"दोन महिने?"

परत हलवली. मग त्यांनी विचारलं नाही. मालकांनीच विचारलं, हळू आवाजात, "दोन वर्सं? आन मला बोलली न्हाईस?"

चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाला मी असं तोंड पडलेलं पाहिलं नव्हतं. त्यांना आजाराचं वाईट वाटलं त्याहून, एका घरात राहून आपल्याला कळलं नाही याचं जास्त वाटलं. मला रडायला आलं, पण रडलं की दम लागतो. तेही बंद.

अकरा दिवस

दवाखान्यात पहाटे साडेपाचला झाडू येतो, सहाला चहा, सातला नर्स, नऊला डॉक्टर. मधल्या वेळात छताच्या पंख्याकडं बघायचं. मास्कनं नाकाच्या दांडीवर वण पडला. भूक लागायची, पण घास चावता चावता श्वास पुरायचा नाही. मग कुठला घास न् कुठलं काय. संडासाला दहा पावलं चालायची म्हणजे मला राजगड चढल्यागत व्हायचं. आणि भीती. दिवसा माणसं असतात, तोंडानं हसतं राहायचं. पण डोळे मिटले की वाटायचं, पुढचा श्वास आला नाही तर? मरणाची नव्हती भीती तेवढी. गुदमरायची होती.

शेजारच्या खाटेवर पानशेतकडची एक बाई होती. धरणाजवळ त्यांचं जेवणाचं हॉटेल. शनिवार-रविवार पुण्याची माणसं गाड्या घेऊन येतात. बोर्डच आहे म्हणे, चुलीवरची भाकरी. तिला म्हटलं, "आता गॅसवर कर." ती म्हणाली, "बाई, मग कोन येईल? त्यास्नी धुराचा वास लागतो." आम्ही दोघी हसलो आणि दोघींनाही खोकल्याची उबळ आली. नर्स ओरडली. ती बाई माझ्या आधी घरी गेली. तिचं पुढं काय झालं माहीत नाही, पण रविवार आला की आठवण येते.

जरा बरं वाटल्यावर नळीत फुंकायची तपासणी झाली. एक पोरगी समोर उभी राहून ओरडत होती, "फुंका आजी, फुंका, फुंका, अजून, अजून!" मनात म्हटलं, पोरी, जन्मभर फुंकत आले, म्हणून तर इथं बसलेय. कागदावर दोन रेघा आल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही वरची तुमच्या वयाची, ही खालची तुमची. दोन्हींमधे इतकी जागा होती की मला काही विचारावंसंच वाटेना.

तरी विचारलं. "जाते का मी?"

"लगेच नाही मावशी. पण गेलेलं परत येणार नाही. दोन वर्षांपूर्वी आला असता तर बरंच वाचलं असतं."

हे मला खोटं न बोलता सांगितलं याबद्दल त्या बाईंचे पाय धरावेत. तेव्हा मात्र राग आला होता.

लाज राखली

त्याच दिवशी दुपारच्या एसटीनं हौसा भेटायला आली. ती मोसंबी सोलत होती, आणि मी तिला तो दोन वर्षांचा हिशोब सांगितला. तिला नवल वाटलं नाही. उलट जरा फुशारकीनंच म्हणाली,

"आमी काय बहिऱ्या हाय व्हय, आक्का? तुमी थांबला की म्या उचलायची. मागं बाकीच्यांनी झील लांबवायची. कुनाला म्हंजी कुनाला कळू दिलं न्हाई. दोन वर्सं तुमची लाज राखली आमी."

बघा आता! सगळ्यांना ठाऊक होतं. पाच बायकांना. त्यांनी आपसात कधी बोलून ठरवलंसुद्धा नव्हतं. गाण्यात बाई अडली की सावरायचं, एवढं आमच्या अंगात मुरलेलं. त्यांनी मला इतकं बेमालूम सावरलं की माझी छाती मोडत आली तरी बाहेर चिटपाखराला पत्ता नाही.

मी मास्क बाजूला करून म्हटलं, "माझी लाज राखलीस न् जीव घालवलास." तिच्या हातातली मोसंबीची फोड तशीच राहिली. नंतर पुष्कळ वेळा वाटलं, असं बोलायला नको होतं. तिनं तेव्हा तोंडावर सांगितलं असतं, तर मी तिलाच फाडून खाल्लं असतं. माझा स्वभाव मला माहीत आहे.

चपलेचा अंगठा

घरी आले तेव्हा आमच्या गॅसच्या शेगडीवर भरतकामाचा रुमाल आणि त्यावर गणपतीचा फोटो होता. चार वर्षांपासून तिथंच. गॅसवरच्या भाकरीला चव नाही हे मालकांचं मत, आणि खरं सांगू, माझंही. फोटो त्यांनीच उचलला. पहिल्या दिवशी चहा केला तो असा उकळला की पातेलं काळं. दुसऱ्या दिवशी लेक शिरवळहून कंपनीला सुट्टी टाकून आला आणि म्हणाला, "आई, तू चल आमच्याकडं, हितं कोण बघणार?" मालक चिडले, "म्या काय मेलोय का?" बापलेक दोन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. मी मधे. आजारी माणसानं सगळ्यांची समजूत काढायची, हा कुठला न्याय?

रस्त्यापासून वाडीपर्यंत चढ आहे. आता मला तो चार ठिकाणी थांबून चढावा लागतो. मालक बरोबर असतात. मी थांबले की ते खाली वाकून चपलेचा अंगठा नीट करतात. दरवेळी. चप्पल नवी आहे. एकदा म्हटलं, "अहो, अंगठा तुटलेला नाही." तर म्हणाले, "चाल गप."

तेही झीलच धरत होते. माया कळली, पण आता मला त्या मायेची भीती वाटायला लागली होती.

बुधवार

भोरला दर बुधवारी सकाळी छातीचे पेशंट एकत्र गातात, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "बाई, मला गायला शिकवता?" व्यायामाच्या मॅडम आहेत, त्या घेतात. दवाखान्यामागच्या खोलीत सतरंज्या आणि खुर्च्या. अर्धे लोक भोरमधले, रिटायर झालेले, इस्त्रीची कापडं घातलेले. एक आजोबा कचेरीत होते, ते सा लावायच्या आधी घसा असा खाकरतात की वाटावं आता पंचनामा वाचणार. बाकी आम्ही डोंगरातल्या.

मॅडमचा एकच कडक नियम. श्वास संपला की थांबायचं आणि हात वर करायचा. आणि दुसऱ्या कुणी त्याची ओळ उचलायची नाही. सगळ्यांनी गप्प बसायचं. तो माणूस ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडेल, परत घेईल, आणि आपली ओळ आपण पुरी करेल.

पहिल्या दिवशी माझी पाळी आली. 'बंधू माझा आला' आणि पुढं काही नाही. खोलीत शांतता. सगळे माझ्याकडं बघतायत. सव्वीस वर्षांत माझं गाणं असं उघडं पडलं नव्हतं. हात वर करायच्या ऐवजी मी पिशवी उचलली आणि सरळ एसटी स्टँड गाठलं. म्हटलं खड्ड्यात गेलं तुमचं गाणं.

पुढच्या बुधवारी मालकांनी न विचारता माझी पिशवी भरून दारात ठेवली. गेले. मग जातच राहिले. फुप्फुसं बरी झाली नाहीत, होणारही नाहीत, मॅडमनी तसं कधी म्हटलंही नाही. पण श्वास कुठं पुरतो न् कुठं संपतो ते कळायला लागलं. चढावर घाबरं होणं कमी झालं. आणि आठवड्यातला एक तास असा, की तिथं अडलं तर लपवायचं नाही. तेवढ्यासाठी मी पहाटे उठून आवरत होते.

मागच्या बाजूनं

मी आजारी पडल्यावर वाडीतल्या गाण्यात पुढं हौसा बसायला लागली. बसणारच, दुसरं होतं कोण. मी पहिल्यांदाच झिलेच्या बाजूला बसले, आणि तिथून मला ते ऐकू आलं जे पुढं बसून सव्वीस वर्षांत ऐकू आलं नव्हतं. पुढच्या बाईचा श्वास.

हौसाचा श्वास दुसऱ्या ओळीत 'आला'वर संपत होता. माझा संपायचा तिथंच. आणि माझ्या डाव्या-उजव्या हातच्या बायका तिला सावरून घेत होत्या.

दुसऱ्या दिवशी गोठ्यात गाठलं तिला. "हौसा, तुला दम लागतो."

"काय तरीच! ऊन हाय केवडं."

"छाती तपासून ये. बुधवारी चल माझ्यासंगं."

तिनं शेणाची पाटी खाली ठेवली. "आक्का, पूनमचं लगीन दीड महिन्यावर आलंय. उद्या सोयऱ्यांच्या कानावर गेलं की पोरीच्या आईला छातीचा रोग हाय, तर टीबीच म्हननार सगळी. ठरलेलं मोडलं तर तुमी देनार हाय का दुसरं स्थळ? लगीन झाल्यावर बघू."

लग्नानंतर राब, मग आवणी, मग गौरी-गणपती. मला ते बघू माहीत होतं. मी स्वतः दोन वर्षं तेच केलं होतं. महिनाभर मी तिच्या मागं लागले. मिश्रीचा तवा लपवला, तिनं दुसरा आणला. दिराला सांगितलं, तो म्हणाला, "वैनी, तुमाला आता समदीच आजारी दिसत्यात." पूनमला सांगायला गेले तर हौसानं शपथ घातली.

घाणा

वैशाखात हळद लागली. अंगणात मांडव. नवऱ्याकडची उष्टी हळद घेऊन त्यांच्या तीन-चार बायका आलेल्या, खुर्च्यांवर बसलेल्या. पाच सवाशिणींनी मुसळं धरली. पूनम पाटावर. हौसा नवरीची आई, सवाशीण आणि पुढं म्हणणारीही तीच. हातात मुसळ, तोंडात गाणं. मी तिच्या शेजारी. झील उचलायचा पहिला मान माझा, मी उचलली की बाकीच्या उचलणार.

दोन-तीन ओव्या गेल्या. चौथ्या वेळी तिनं माझी ओवी घेतली, घाटाच्या खालची. पहिली ओळ पुरी केली. 'बंधू माझा आला' म्हणाली आणि थांबली. मी बघितलं. कपाळावर घाम, मानेच्या शिरा वर आलेल्या, आणि ओठांना जांभळी कड. ती माझ्याकडं बघत होती. उचला, उचला, असं डोळ्यांनी सांगत होती.

मी उचललं नाही.

ठरवून आले होते का? नाही. देवाशपथ नाही. पण उचलायला तोंड उघडलं आणि मिटलं. आणि आता लिहायलाच बसलेय तर हेही लिहिते, की त्यात माझा मत्सरही होता थोडा. ती माझ्या जागेवर बसली होती, माझी ओवी म्हणत होती. किती मत्सर आणि किती काळजी, ते मला आजही वेगळं करता येत नाही.

मी गप्प म्हणून बाकीच्याही गप्प राहिल्या. मुसळं थांबली. भर मांडवात घाण्याचं गाणं तुटलं. आणि त्या शांततेत हौसाच्या छातीचा आवाज आला, शिट्टी वाजल्यासारखा बारीक. आत जाताना एक, बाहेर येताना एक. तिच्या पोटच्या पोरीनंसुद्धा तो कधी ऐकला नव्हता, कारण तो बाहेर येईल तेव्हा आम्ही सगळ्या गात असायचो.

पूनम पाटावरून उठली. हळदीच्या पाटावरून नवरीनं उठायचं नसतं. "आई, ह्यो कसला आवाज? आई!"

नवऱ्याकडची एक म्हातारी म्हणाली, "बसा की बाई तुमी, पानी द्या तिला कुनीतरी." कुणीतरी पाणी आणलं. दुसऱ्या एकीनं ओवी उचलली, मुसळं परत चालू झाली, घाणा पुरा झाला. हौसा भिंतीला टेकून बसली होती. मी जवळ गेले तर तिनं माझा हात झटकला.

"माझ्या पोरीचं गानं तोडलंसा तुमी," एवढंच म्हणाली. त्यानंतर चार महिने एक शब्द नाही.

देवळीतला पंप

लग्न मोडलं नाही. पण ती एक रात्र आणि दुसऱ्या दिवशी अक्षता पडेपर्यंतचा वेळ मी कसा काढला, ते मलाच ठाऊक. मोडलं असतं तर मी काय तोंड दाखवलं असतं?

पूनम मांडवपरतणीला माहेरी आली ती दुसऱ्याच दिवशी आईला घेऊन भोरला गेली. जावयानं मोटरसायकलवर नेलं. तोच आजार. माझ्याहून कमी, पण तोच. डॉक्टरीणबाईंनी ओढायचा पंप दिला, चूल आणि मिश्री बंद सांगितली. हौसानं पंप आणून देवळीत ठेवला, देवाच्या तेलाच्या बाटलीशेजारी. वेष्टनसुद्धा काढलं नाही. पंपाची सवय लागते, असं पूनमला म्हणाली. मिश्री चालू, चूल चालू. एका अंगणात राहून ती मला ओलांडून जायची. मला कळत होतं, तिचा राग औषधावर नाही, माझ्यावर आहे. पण भोगणार छातीच.

आवणी झाली. तिला खाचरात वाकताना मी लांबून बघत होते आणि माझाच श्वास वर वर येत होता. पूनमच्या सासरी एकदा काही भांडण झालं असं कानावर आलं, तेव्हा वाडीतल्या एक-दोघी माझ्याकडं बघून कुजबुजल्या. तेही सोसलं. मग लिहायला बसले. वर तुम्ही वाचलीत ती त्याच पानांची माझ्याकडची नक्कल, खाडाखोड न करता तशीच ठेवलीय.

गौरी उठल्यावर एका सकाळी ती पानं तिच्या उंबऱ्यावर ठेवली, वर दगड ठेवला. दुपारी बघितलं तर दगड बाजूला, पानं नाहीत. म्हटलं गेली चुलीत. पण त्या दिवशी तिच्या घरातून धूर निघाला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

उरलेली अर्धी ओळ

त्यानंतरच्या बुधवारी मी भोरला खोलीत बसले होते. दार वाजलं. हौसा. एसटी एकच, तरी ती माझ्यासंगं आली नव्हती. दुसऱ्या कुणाच्या गाडीनं आली असणार. तिनं कुणाकडं बघितलं नाही. मागच्या खुर्चीवर टेकली, कमरेची पिशवी सोडली. मिश्रीची डबी निघते का म्हणून मी तिरक्या नजरेनं बघत होते. पंप निघाला. ओढला, दहा आकडे मोजले, परत ठेवला.

मॅडमनी विचारलं, "आज पुढं कोण?"

आजोबांनी घसा खाकरला. तेवढ्यात मागून आवाज आला, "घाटाच्या गं खाली..."

मी मान वळवली नाही. पहिली ओळ गेली. मग 'बंधू माझा आला', आणि थांबलं.

खोलीत चौदा-पंधरा माणसं होती, कुणी उचललं नाही. उरलेली अर्धी ओळ माझ्या तोंडात आली होती, ती मी गिळली. मागून ती शिट्टी ऐकू येत होती. मग राहवलं नाही, मी वळून बघितलं. हौसाचा हात वर होता. डोळ्यांत पाणी, तोंड रागानं लाल, पण हात वर. ओठांचा चंबू करून तिनं श्वास सोडला, परत घेतला, हात खाली केला आणि 'मागं पावसाचा मेघ' आपल्या आपण पुरं केलं. आवाज बारीक आला, पण पुरं केलं.

मग चार महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्याकडं बघून बोलली.

"आता तरी झील धरा की, आक्का. का हे बी तोडायचं?"

मी धरली.